घाम धुवायचा नाही

आपल्या वार्षिकांकात लिहिणारी मुलं दरवर्षी ठरलेली असतात. त्यांना लिहिता येतं. मला येतं की नाही, मला माहीत नाही, कारण परीक्षेच्या पेपराशिवाय मी कधी इतकं लिहिलेलंच नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे लिहून झाल्यावर कोणाला वाचून दाखवावं, चुका विचाराव्या, असंही कोणी नाही. काही कमीजास्त झालं असेल तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

विषयही सांगायला संकोच वाटतो. मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाने लिहावं, ते ठीक आहे. मी लिहिणार आहे पुळ्यांबद्दल. पुळ्यांनी कोणी मरत नाही, हे मलाही कळतं. पण यंदा वसतिगृहात नव्याने आलेल्या तिघाचौघांनी मला वेगवेगळं गाठून, इकडेतिकडे बघत, एकच प्रश्न विचारला, "तुमचं कसं गेलं?" प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकावं, असं वाटलं.

अंगावर काय उगवलं

मी मौद्याजवळच्या खेड्यातला. बाबा रस्त्याच्या टोळीत मजूर आहेत. भंडारा रोडवर खड्डे बुजवणं, डांबर ओतणं, कडेची झुडपं तोडणं हे त्यांचं काम. दहावीत असताना माझ्या तोंडावर तारुण्यपीटिका आल्या, तशा सगळ्यांनाच येतात. गावाजवळच्या एका डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या. त्यांनी बरं वाटलं, म्हणून संपल्या की पुन्हा आणायच्या, असं चालू राहिलं. किती घ्यायच्या, कधी थांबायचं, हे आम्ही विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नागपूरला आलो आणि पुळ्यांचं रूप बदललं. आधी लहानमोठ्या असायच्या, आता सगळ्या सारख्या, मोहरीएवढ्या. कपाळावर, छातीवर, खांद्यांवर, पूर्ण पाठीवर. आणि खाज. घाम आला की अंगावरून मुंग्या चालल्यासारखं व्हायचं. कॅप्सूल वाढवल्या, तर पुळ्याही वाढल्या.

एरवी मी हे सहन केलं असतं. पण मी कबड्डी खेळतो.

हे थोडं समजावून सांगायला हवं. वर्गात मला कोणी ओळखत नव्हतं. इंग्रजीतून शिकवलेलं अर्धं डोक्यावरून जायचं आणि उठून विचारायची हिंमत नव्हती. पण संध्याकाळी मैदानात उतरलो की माझं नाव असायचं. आमचे खेळाचे सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "विद्यापीठाच्या टीममध्ये आपल्या कॉलेजचं कोणी गेलं, तर हा रमेश जाईल." ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवत होतो. नागपुरात माझं स्वतःचं असं तेवढंच होतं.

ते गुण

एका संध्याकाळी सरावात मी चढाईला गेलो. समोरचे सातही जण मागच्या रेषेला जाऊन उभे राहिले. मी एकाच्या दंडाला हात लावला. तो मुकाट्याने बाहेर निघून गेला. दुसऱ्याला लावला, तोही गेला. कोणी पाय धरला नाही, कोणी कंबर धरली नाही. मी दम धरून त्यांच्या अंगणात मधोमध उभा होतो आणि माझ्याभोवती मोकळी जागा होती. परत आलो. गुण मिळाले. आजवर मिळालेल्या गुणांत तेवढे वाईट गुण मला कधी मिळाले नाहीत.

आमचा कप्तान प्रकाश माझाच खोलीवाला. खोलीवर आल्यावर मी त्याला विचारलं.

"रम्या, खोटं कायले बोलू?" तो म्हणाला. "पोट्टे भिऊन राहिले तुह्या अंगाले. घासलं अंगाले अंग, तं आपल्याले बी होईन म्हनतेत."

"अन् तू?"

"मी बी."

त्याने सरळ सांगितलं, याचा मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही.

सरांनी बाजूला घेऊन सांगितलं की दवाखान्यात दाखव, हे पसरत नाही असं लिहून आण. त्याशिवाय निवडीला उभं करता येणार नाही.

त्याच आठवड्यात मेसमध्ये माझा गिलास वेगळा झाला. कोणी केला माहीत नाही. बाकीचे गिलास पराती​त पालथे असायचे, माझा खिडकीत. पुळ्यांमुळेच ना, असं मी मनातल्या मनात विचारलं. पुळ्यांमुळेच असणार. पण तसं स्वतःला विचारावं लागलं, ते फार टोचलं.

बाबा मेसमध्ये येतात

रविवारी गावी गेलो तेव्हा गिलासाचं आईजवळ बोलून गेलो. बाबा ओट्यावर रॉकेलने हाताचं डांबर काढत होते. मला वाटलं, त्यांचं लक्ष नाही.

"कोनं ठेवला वेगळा?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"कोणी नाही, बाबा. पुळ्यांमुळं."

"पुळ्यांमुळं," ते म्हणाले आणि पुन्हा हात चोळू लागले.

बाबा पंधरा-सोळा वर्षांचे असताना आजोबांसोबत चालत नागपूरला दीक्षेला गेले होते. त्याआधीच्या गिलासांबद्दल ते आमच्याजवळ कधी बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी काम पाडून ते माझ्यासोबत एसटीने नागपूरला आले. जेवणाच्या वेळी मेसमध्ये शिरले, खिडकीतला गिलास उचलला, माठातून भरला, उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायले. मग गिलास धुतला आणि परातीत बाकीच्या गिलासांबरोबर पालथा घातला. प्रकाश समोरच जेवत होता.

"पोरगा बिमार हाय, त्याची दवा करू," बाबा त्याला शांतपणे म्हणाले. "गिलास काहून बिमार पडला गा?"

माझा गिलास नंतर खिडकीत दिसला नाही. पण माझ्या शेजारी जेवायलाही लगेच कोणी बसलं नाही. खोटं कशाला लिहू?

दवाखान्यात जायचं म्हणजे

सरकारी मोठ्या दवाखान्याच्या चामडीच्या विभागात पहाटेपासून रांग लागते. केसपेपर काढायचा, बाकावर सरकत सरकत बसायचं, आपला नंबर आला की शर्ट काढायचा. तिथे शर्ट काढायला कोणी लाजत नाही, हे मला फार बरं वाटलं. शेजारच्या म्हाताऱ्याने माझी पाठ पाहिली, मी त्याच्या कोपराचे खवले पाहिले आणि दोघांनी त्याच्याजवळची बोरं खाल्ली.

मला खरी भीती मोठ्या रोगाची होती. तो शब्द गावात कोणी तोंडाने उच्चारत नाही. पहिल्याच दिवशी तिथल्या डॉक्टर मॅडमने सुई लावून, स्पर्श कळतो का ते पाहिलं आणि म्हणाल्या, "ते अजिबात नाही. ते डोक्यातून काढून टाक." त्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमने केसपेपरात काहीतरी लिहीत राहून मला वेळ दिला.

पण मग आहे काय, ते सापडेना. मॅडम पाठीची कातडी हलक्या हाताने खरवडत, ते काचेच्या पट्टीवर घेत आणि सूक्ष्मदर्शकातून बघत. काही दिसायचं नाही. पुन्हा बोलावायच्या, पुन्हा काही नाही. काही नाही म्हटल्यावर त्या चिठ्ठी तरी कशाची देणार? तोवर त्या वर्षीची निवड होऊन गेली. मी मैदानाबाहेर सायकलला टेकून पाहिली.

आता आमच्या घरची एक रीत सांगतो. दवाखान्यात जायच्या दिवशी आई मला कडुनिंबाच्या उकळलेल्या पाण्याने आंघोळ घालायची. मी मोठा झालो तसा नागपुरात ते स्वतःच करू लागलो. वसतिगृहामागे कडुनिंबाचं झाड होतंच. लाल साबणाने दोनदा घासायचं, पाठीला नारळाची शेंडी लावायची, धुतलेला शर्ट घालायचा. आईचं सांगणं एकच होतं, "डॉक्टरीनबाईनं हात लावला पायजे रे बापू. नाक नाही मुरडलं पायजे." आमच्याकडून वास आला, मळ निघाला, असं कोणी म्हणू नये याची तिला सतत धास्ती असे. त्यामुळे मी दवाखान्यात जायचो तेव्हा माझ्याइतका स्वच्छ माणूस त्या रांगेत दुसरा नसायचा.

संघाबरोबरचा माझा सराव बंद होता, तरी सकाळी एकटा पळायचो. एका सकाळी पळून आलो तर नळ कोरडा. वाट बघावी तर दवाखान्याचा नंबर जाईल. तसाच घामेजलेला गेलो. शर्ट काढण्याआधी मॅडमना म्हणालो, "माफ करा मॅडम, आज आंघोळ नाही झाली."

त्यांचा हात थांबला. "एरवी करून येतोस?"

"हो मॅडम. इथं यायचं म्हणून कडुनिंबानं, साबणानं घासून."

"दर वेळी?"

"दर वेळी."

मॅडमने हातातलं पातं ट्रेमध्ये ठेवलं आणि चष्मा काढून हसायला लागल्या. "अरे बाबा, आम्ही जे शोधतोय ते तू घरूनच धुऊन येत होतास!"

त्या दिवशी त्यांनी एक पुळी दाबून आतलं घेतलं, वरचंही खरवडलं. थोड्या वेळाने मला आत बोलावून सूक्ष्मदर्शकाजवळ बसवलं. निळसर रंगात गोल गोल दाणे होते, पुष्कळ, आणि कित्येकांना बाजूने छोटा फुगवटा आलेला. भिजवलेल्या मुगाला मोड फुटावा तसा.

"यीस्ट," मॅडम म्हणाल्या. "जिलबीचं पीठ आंबवतात ना, त्याच्या नात्यातलं."

मला आनंद झाला. आपल्या अंगावर काय आहे ते कळल्याचा आनंद इतका असतो, हे मला माहीत नव्हतं.

प्रकाशचं कपाळ

मॅडमने समजावून सांगितलं की हे यीस्ट बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या कातडीवर राहतं. कॅप्सूल वर्षानुवर्षं घेतल्यामुळे बाकीचे जंतू मेले आणि याला मोकळं रान मिळालं. कॅप्सूल त्यांनी त्याच दिवशी बंद केल्या. दुसऱ्याला लागायची भीती नाही, असं लिहून दिलं. मी म्हणालो, मुलांना खरं वाटणार नाही.

"तुझ्या खोलीत कोण राहतो?"

"आमचा कप्तान, मॅडम."

"घेऊन ये त्याला. आंघोळ न करता."

प्रकाशला आणायला मला फार बोलावं लागलं. शेवटी आला. मॅडमने त्याचं कपाळ खरवडलं, पट्टी तयार केली आणि त्याला बघायला लावलं.

"हे रम्याचे का, मॅडम?"

"नाही. तुझे."

"माह्ये?"

"तुझ्या कपाळावरचे. माझ्या कपाळावरही सापडतील. याच्याकडे जास्त झालेत, एवढंच."

परत येताना प्रकाश सायकलवर पुढे दांडीवर बसला होता. मग म्हणाला, "रम्या, सरले सांगू नको बे, माह्ये बी हायेत म्हनून. मलेच काढन टीममधून." मी इतका हसलो की सायकल नालीत जाता जाता राहिली. त्या संध्याकाळी तो जेवायला माझ्या शेजारी बसला आणि मग बाकीचेही बसू लागले.

सरांनी चिठ्ठी वाचून सरावाला परवानगी दिली. पण म्हणाले, "विद्यापीठाच्या निवडीआधी तिथला डॉक्टर अंग तपासतो. ही चिठ्ठी तो वाचत बसणार नाही. पुढच्या वर्षीपर्यंत पाठ साफ पाहिजे."

दाद न देणारे

मला वाटलं होतं, नाव कळलं म्हणजे रोग गेला. तसं नसतं. पहिलं मलम लावलं, थोडं कमी झालं आणि पुन्हा वाढलं. दुसरं मलम उन्हाळाभर लावलं. नागपूरचा उन्हाळा, गावी पत्र्याचं घर, आणि पाठीला चिकट मलम. काही उपयोग झाला नाही. मी चिडका झालो. आईवर ओरडलो. बाबा म्हणाले, "शिकून राहिला का भांडाले शिकून राहिला?"

मॅडम मात्र चिडल्या नाहीत. त्यांनी ते यीस्ट बशीत वाढवून पाहायचं ठरवलं. त्याला खायला तेल लागतं, तेल घातल्याशिवाय ते वाढतच नाही, असं त्या बोलता बोलता म्हणाल्या.

"कोणतं पण तेल, मॅडम?" मी विचारलं. "मी रोज रात्री अंगाला तिळाचं तेल लावतो. खेळून अंग दुखतं म्हणून आई गावाहून पाठवते."

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे आम्ही मारायला बघतोय आणि तू रोज त्यांना जेवू घालतोस!"

पण गोष्ट नुसत्या तेलाची नव्हती. बशांमध्ये त्यांनी निरनिराळी औषधं मिसळून पाहिली. पहिल्या मलमाचं औषध घातलेल्या बशीत माझे यीस्ट मजेत वाढले. दुसऱ्याच्याही. तिसऱ्या बशीत काही उगवलं नाही. दवाखान्यात येण्याआधी दुकानातून आणलेली मलमं मी मधूनमधून लावून सोडत असे, त्याने ते निर्ढावले की मुळातच चिवट होते, हे मॅडमनाही नक्की सांगता आलं नाही. पण ती तिसरी बशी त्यांनी मला उजेडात धरून दाखवली. मी इतक्या कौतुकाने रिकाम्या बशीकडे कधी पाहिलं नसेल.

तेल बंद करायचं म्हटल्यावर आईला फार लागलं. "म्या काय इख लावून राहिली होती का तुले?" म्हणाली आणि चुलीकडे तोंड करून बसली. बाबांनी तेलाची बाटली उचलून आपल्या गुडघ्यांना तेल चोळायला सुरुवात केली. "मले लाव वं. माह्ये गुडघे कोनत्या टीममध्ये जाऊन नाही राहिले." तेव्हा आई हसली.

घामाचं औषध

तिसऱ्या बशीतलं औषध गोळीच्या रूपात होतं आणि बाजारात नुकतंच आलं होतं. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्याआधी रक्त तपासावं लागतं, मधेही तपासावं लागतं, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते कोणी घेऊ नये. माझ्यासारखं दुकानातून आणून तर मुळीच नाही.

गोळी देताना मॅडम म्हणाल्या, "कबड्डी खेळतोस ना? मग ऐक. गोळी घ्यायची, थोडा वेळ थांबायचं आणि मग घाम निथळेपर्यंत खेळायचं. औषध घामातून कातडीवर येतं. आणि त्यानंतर लगेच आंघोळ करायची नाही. घाम अंगावर सुकू द्यायचा."

"घाम धुवायचा नाही?"

"धुवायचा नाही."

मला वाटलं, त्या थट्टा करताहेत. जन्मभर आम्ही घाम धूत आलो होतो. बाबा रस्त्यावरून आले की आधी आंघोळ, मग पाण्याला हात. कोणाला वास येऊ नये म्हणून आम्ही किती साबण झिजवले असतील! आणि इथे एक शिकलेली डॉक्टर सांगत होती की तुझा घाम हेच तुझं औषध आहे.

मी खेळलो. पावसाळ्यात चिखलात खेळलो. प्रकाश स्वतःहून माझ्यासोबत जास्तीचं पळू लागला. "चाल बे, घाम काढू तुह्या," असं म्हणून दार वाजवायचा. नंतर मी घाम सुकवत वसतिगृहाच्या ओट्यावर बसायचो, तोही नाक दाबून जरा लांब बसायचा आणि म्हणायचा, "आता खराच वास येऊन राहिला, रम्या." आत टीव्हीवर काहीतरी चालू असायचं, आणि मी खांद्यावरून हात मागे नेऊन पाठ चाचपायचो. एके दिवशी हात सरकन खाली गेला. मधे काही अडलंच नाही.

ढिगाखाली

यंदाच्या निवडीला डॉक्टरांनी माझी पाठ पाहिली. "हे काळे डाग?"

"जुने आहेत सर. आता काही नाही."

त्यांनी अंगठा फिरवला. "जा," म्हणाले.

सुरुवातीच्या चढाया बऱ्या गेल्या. मग एका चढाईत मी कोपऱ्यातल्या गड्याला हात लावून वळलो, तोच एकाने घोटा धरला, दुसऱ्याने मांडी, आणि मग सगळेच अंगावर आले. वेगवेगळ्या कॉलेजांची, मला न ओळखणारी मुलं. कोणाची छाती माझ्या पाठीवर, कोणाचा गाल माझ्या मानेवर, सगळ्यांचा घाम एकात एक. मध्यरेषा माझ्या बोटांपासून वीतभर लांब होती. शिट्टी वाजली. मी बाद झालो होतो आणि मातीत तोंड घालून हसत होतो.

"काहून हासून राहिला बे?" वरच्याने विचारलं.

पुढच्या चढाईत मी त्यांच्यातल्या तिघांना घेऊन परत आलो.

बातमी

नावं जाहीर व्हायच्या आतच सुट्टी लागली आणि मी गावी आलो. प्रकाश नागपूरलाच होता. कळल्यावर कळवतो म्हणाला होता, पण आमच्या गावात फोन नाही. काही दिवस गेले. मी बाबांना काही विचारलं नाही, बाबांनी मला नाही. आई तेवढी मधून म्हणायची, "नाही लागलं नाव तं नाही लागलं. पाठ तं बरी झाली."

एका दुपारी मी ओट्यावर बसलो होतो. रस्त्याच्या बाजूने बाबा येताना दिसले. ही त्यांची यायची वेळ नव्हती. ते भरभर चालत होते, जवळजवळ पळत, आणि हातात डांबराचा झारा तसाच होता. ठेवायचाही विसरले होते.

घराशी आले की ते आधी न्हाणीकडे जातात. त्या दिवशी गेले नाहीत. आईने सवयीने पाण्याची बादली पुढे केली, ती त्यांनी पायाने बाजूला सारली. अंगातून घाम निथळत होता, मनगटांपर्यंत डांबर. तसेच माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी झारा टाकून दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. माझा एकुलता एक पांढरा शर्ट होता तो. आई ओरडलीसुद्धा नाही.

त्यांना दम लागला होता. थांबून थांबून त्यांनी सांगितलं. मौद्याच्या गाडीच्या कंडक्टरने टोळीजवळ गाडी थांबवली होती. नागपूरच्या स्टँडवर कोणी प्रकाश नावाच्या पोराने त्याला निरोप दिला होता, आणि तो त्याने सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा ओरडून बाबांना सांगितला होता.

"बारा जनात तुह्यं नाव हाये," बाबा म्हणाले.